परदेशातील स्थानिक कॉफी-साखळ्या : आपले अनुभव

परदेशात गेल्यावर सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या कॉफीच्या दुकानांकडे न वळता, त्या देशातच वाढलेल्या एखाद्या लोकप्रिय साखळीच्या दुकानात आपण गेला असाल, तर तिथे ऑर्डर कशी द्यावी लागते, लोक कसे बसतात आणि कॉफी कशी असते, हे सविस्तर लिहावे. ‘छान होती’ एवढ्यावर थांबू नये, ही विनंती.

नागोया, जपान

‘कोमेदा’चे पहिले दुकान १९६८ साली याच शहरात निघाले आणि नागोयातील सकाळच्या कॉफीची रीत या साखळीने देशभर नेली. सकाळी अकरापर्यंत कोणतेही पेय मागवले की लोणी लावलेला जाड भाजलेला पाव आणि त्यासोबत उकडलेले अंडे, अंड्याचे सारण किंवा अझुकीच्या लाल दाण्यांचे गोड पुरण यांपैकी एक पदार्थ मिळतो, आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. मी गेलो तेव्हा लाल मखमली बाकांवर बरेचसे ज्येष्ठ नागरिक एकेकटे बसून दुकानानेच ठेवलेली वर्तमानपत्रे वाचत होते. त्यांना उठण्याची घाई नव्हती आणि त्यांना उठवण्याची घाई दुकानालाही दिसली नाही. कॉफीसोबत खाऱ्या दाण्यांची एक चिमुकली पुडी येते, तीही अनेकजण न फोडता खिशात टाकत होते. कॉफी माझ्या मते मध्यमच आहे, पण तिथे कॉफीसाठी जाणारे थोडे आणि बसण्यासाठी जाणारे फार, असा माझा ग्रह झाला. गरम डॅनिश पेस्ट्रीवर आइस्क्रीमचा मनोरा रचलेला ‘शिरोनोआर’ मेनूतील चित्राहून मोठा निघतो, तेव्हा एकट्याने जाणाऱ्याने ‘मिनी’च मागवावा.

सिंगापूर

‘या कुन’ची सुरुवात १९४४ सालची, हैनानहून आलेल्या लोई आह कून यांच्या लहानशा कॉफीच्या गाड्यापासून ही साखळी उभी राहिली. रांग भराभर सरकत असल्याने काय मागायचे ते आधीच ठरवलेले बरे. नुसते ‘कोपी’ म्हटले की गोड कंडेन्स्ड मिल्कची कॉफी येते, ‘कोपी-ओ’ बिनदुधाची पण साखरेची असते, ‘कोपी-सी’मध्ये बिनगोड आटीव दूध आणि साखर असते, आणि साखर अजिबात नको असल्यास शेवटी ‘कोसोंग’ जोडावे लागते. सोबतची अंडी जेमतेम शिजलेली असतात. ती बशीत फोडून त्यांत काळा सोया सॉस आणि पांढरी मिरपूड घालतात. माझी बशी तशीच पडलेली पाहून शेजारच्या टेबलावरील आजींनी काही न बोलता सॉसची बाटली माझ्याकडे सरकवली. नारळाच्या ‘काया’ जॅमचा आणि लोण्याच्या गार कापाचा तो कुरकुरीत पाव त्यात बुडवून खाल्ल्यावरच कॉफी इतकी कडक का ठेवतात, ते लक्षात आले.

हॅमिल्टन, कॅनडा

‘टिम हॉर्टन्स’चे १९६४ मधील पहिले दुकान इथल्या ऑटवा स्ट्रीटवर आहे. हॉकीपटूच्या नावाने चालणाऱ्या या साखळीत ‘डबल-डबल’, म्हणजे दोन भाग क्रीम आणि दोन भाग साखर, एवढेच बोलून लोक मोकळे होतात. मला ती फार गोड लागली.

हनोई, व्हिएतनाम

२००७ साली हनोईत सुरू झालेल्या ‘कॉन्ग काफे’ची सजावट १९८६ च्या आर्थिक सुधारणांपूर्वीच्या रेशनच्या काळाची आहे: हिरवट भिंती, एनॅमलचे मग, जुनी भित्तिपत्रके. गर्दी मात्र तो काळ न पाहिलेल्या तरुणांची होती. ज्यांनी त्या रांगा सोसल्या, त्यांना ही हौस कशी वाटत असेल कोण जाणे! नारळाच्या दुधाच्या बर्फाळ चुऱ्यावर रोबस्टाची कडू कॉफी ओतून देतात. ती लगेच ढवळू नये. आधी चमच्याने कडेकडेने खावी आणि मग उरलेली प्यावी, म्हणजे दोन्ही चवी वेगळ्या कळतात.

बोगोता, कोलंबिया

‘हुआन वाल्देस’ ही साखळी कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या १९२७ मध्ये स्थापन झालेल्या महासंघाने काढली आणि तिचे पहिले दुकान २००२ साली बोगोताच्या विमानतळावर उघडले. रस्त्यावर थर्मासमधून मिळणाऱ्या पातळ ‘तिंतो’च्या मानाने इथली कॉफी महाग आहे, पण एरवी परदेशी जाणारे चांगले दाणे देशातल्या माणसाला कपात मिळतात, हे मला महत्त्वाचे वाटले. पाकिटे ऊइला, नारिन्यो, आंतिओकिया अशी प्रदेशवार मिळतात. परतीच्या दिवशी विमानतळावर घाईने उचलण्यापेक्षा शहरातील दुकानात आधी पिऊन पाहावी आणि मगच निवडावी.