निवळणे, निथळणे, गाळणे: फरक काय?

प्रश्न: प्रयोगवह्यांत 'निवळून घ्या', 'निथळून घ्या' आणि 'गाळून घ्या' ही क्रियापदे एकमेकांच्या जागी सर्रास येतात. प्रत्यक्षात करायचे काय असते? डिकँटेशनला (वरचा नितळ द्रव हलकेच ओतून वेगळा करण्याला) यांतले कोणते वापरावे?

प्रतिसाद १: निवळणे हे द्रवाचे काम आहे, आपले नाही. भांडे न हलवता ठेवले की गढूळपणा खाली बसतो. तळाला राहतो तो साका आणि वरची नितळ ती निवळी. डिकँटेशन ही त्यानंतरची कृती, म्हणून 'निवळी ओतून घ्या' असे स्वच्छ लिहावे.

'चुन्याची निवळी' हा शब्द तर ही सगळी रीतच सांगतो. २०° सें.ला विरलेला चुना (पाणी घालून फोडलेली चुनकळी) लिटरभर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम विरघळतो, म्हणून २ ते ३ ग्रॅम पुरेसा. बाटली हलवून, घट्ट बूच लावून रात्रभर ठेवावी. लवकर विरघळावा म्हणून पाणी तापवू नये. तापमान वाढले की चुन्याची विद्राव्यता उलट घटते. ओतताना भांड्याच्या ओठाला काचकांडी टेकवावी आणि तळाचा थोडा द्रव सोडून द्यावा. तो हाव धरून ओतला की साका उठलाच. बूच सैल राहिले तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वर पांढरी साय धरते.

प्रतिसाद २: निथळतो तो ओला घन पदार्थ, जसे दोरीवरचे ओले कपडे. प्रयोगशाळेत गाळणकागदावरचे स्फटिक निथळतात. ही पायरी 'गाळणे' या शब्दात बुडून जाते, याचे वाईट वाटते. निथळणे अपुरे राहिले तर स्फटिकांना चिकटलेला मातृद्राव (स्फटिक बाहेर पडल्यावर उरलेले द्रावण) तिथेच वाळतो आणि त्यातली अशुद्धी परत पदरात पडते.

बेंझोइक आम्लाचे पुनःस्फटिकीभवन घ्या, म्हणजे ते गरम पाण्यात विरघळवून, थंड करून शुद्ध स्फटिक परत मिळवणे. १०० मिली पाण्यात ते उकळत्या तापमानाला सुमारे ५.६ ग्रॅम, तर २५° सें.ला सुमारे ०.३४ ग्रॅम विरघळते. म्हणजे १ ग्रॅमला हिशेबाने १८ मिली पाणी लागेल, पण थोडे वाफेत जाते, म्हणून २५ मिली घ्यावे. १०० मिली घेतले तर थंड झाल्यावरही एक तृतीयांश आम्ल पाण्यातच राहते. गरम द्रावण गाळताना नरसाळे आधी तापवलेले आणि आखूड नळीचे हवे, नाहीतर नळीतच स्फटिक होऊन ती तुंबते. शेवटी चोषण (गाळताना खालून पंपाने हवा ओढणे) थांबवून २-३ मिली बर्फगार पाण्याने धुवावे, मग चोषण सुरू करून पूर्ण निथळू द्यावे. धुण्याचे पाणी कोमट असेल तर मालच वाहून जातो.

प्रश्नकर्ता: आणि गाळल्यावर कागदावर उरतो त्याला 'गाळ' म्हणावे का?

प्रतिसाद १: टाळावे. गाळ म्हटले की टाकाऊ वाटते, आणि पुष्कळदा हवा असलेला पदार्थ तोच असतो. कागदावरचा तो अवशेष, खाली आलेला तो गालित.

प्रतिसाद ३: याच ओघात 'ऊर्ध्वपातन', म्हणजे द्रवाची वाफ करून ती थंड करून परत द्रव मिळवणे (डिस्टिलेशन). रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या पारा-धातूंच्या शाखेत, पाऱ्याचे पातन तीन प्रकारचे: ऊर्ध्व, अधः आणि तिर्यक्. ऊर्ध्वपातनात वाफ वर चढून वरच्या भांड्याच्या तळाशी बसते. तिरप्या शीतकातून (वाफ थंड करणाऱ्या नळीतून) बाजूच्या भांड्यात द्रव जमवणे हे खरे तर तिर्यक्पातनाच्या जवळचे. तरी ऊर्ध्वपातन आता इतके रुळले आहे की ते बदलू नये. 'आसवन'ही चालेल.

ऊर्ध्वपातन करताना दोन गोष्टी पाळाव्यात. तापमापीचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडाच्या किंचित खाली असावा. तो वर राहिला तर पारा कमी तापमान दाखवतो. उकळखडे (द्रव संथ उकळावा म्हणून टाकायचे सच्छिद्र खडे) थंड द्रवातच टाकावेत. तापलेल्यात टाकले तर द्रव एकदम उसळून शीतकात शिरतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.