'राज्य', 'राज्यसंस्था' की सरळ 'सरकार'?

शब्दवेडी: समाजवादी विचारांवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'सामाजिक न्याय हवा तर स्टेटनं मध्ये पडलंच पाहिजे' या अर्थाच्या वाक्यापाशी गाडी अडलीय. 'राज्य' लिहिलं की लोकांना महाराष्ट्र-गुजरात आठवतात. 'राज्य समाजवाद' वाचून एकानं विचारलंच, मग केंद्राचा कुठला?

तिरपागडे: 'राज्यसंस्था' लिहा आणि मोकळ्या व्हा. राज्यशास्त्रात तोच रूढ आहे.

बांधावरून: पेपरात मार्क मिळवायला ठीक. घटनेच्या मराठी प्रतीत 'राज्य'च आहे. अनुच्छेद 12 प्रमाणे केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारं, विधिमंडळं, झालंच तर नगरपालिकासुद्धा त्यात येतात. एवढं पोटात मावत असताना वर 'संस्था'चं शेपूट कशाला?

तिरपागडे: म्हणजे लेख वाचताना शेजारी घटना उघडून बसायचं?

गोटीसोडा: 'शासन' चालेल का? जीआरवर तेच असतं.

बांधावरून: अजिबात नको. आमचे मास्तर 'शासन केलं पाहिजे' म्हणाले की हात पुढे करावा लागे. 'सरकार'ही नको. सरकार पडतं, राज्य राहतं. आंबेडकरांनी 1947 साली शेती, विमा, पायाभूत उद्योग राज्याकडे द्या म्हटलं, तेव्हा हे सगळं त्यांना घटनेतच बांधून हवं होतं. आज बहुमत आहे म्हणून केलं, उद्या दुसऱ्यांनी मोडलं, हे त्यांना चालणार नव्हतं. त्याला 'सरकारी समाजवाद' म्हणालात तर मुद्द्याचा पार उलटा अर्थ होतो.

कडूकाकडी: मग 1948 मध्ये घटना समितीत के. टी. शहा या सदस्यांनी 'समाजवादी' शब्द घटनेत घाला म्हटलं, तेव्हा आंबेडकरच आडवे का आले?

बांधावरून: समाजरचना कशी असावी ते त्या त्या वेळच्या लोकांनी ठरवावं, म्हणून. शिवाय तो आशय मार्गदर्शक तत्त्वांत आहेच, असं त्यांचं म्हणणं. अर्थात ती तत्त्वं घेऊन कोर्टात जाता येत नाही, ही मेख आहेच. शब्द आला 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं. तेही आणीबाणीत, समाजवादी गजाआड असताना!

आजोळ_बीड: आमच्या आजीच्या तोंडी यातला एकही शब्द नव्हता. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल ती म्हणायची, 'सरकारनं काम काढलं'. खडी फोडायची, मस्टरवर अंगठा द्यायचा, दुपारी खायला सुकडी. पुढे रोजगार हमीची घोषणा आली, 'मागेल त्याला काम'. देणार कोण, ते वाक्यात नाहीच. कुणाचं अडलं? ताई, तुम्हीही कर्ता गाळा.

तिरपागडे: कर्ता गाळला तर भांडायला उरलं काय? करायचं कुणी, हाच तर समाजवाद्यांचा जुना वाद. सगळं दिल्लीनं करू नये म्हणून लोहियांनी 'चौखंबा राज्य' सांगितलं: गाव, जिल्हा, प्रांत, केंद्र. बघा, तिथे 'राज्य' कसं चपखल बसलंय.

कडूकाकडी: आत्ता तर राज्यसंस्था म्हणत होतात!

तिरपागडे: चौखंबा राज्यसंस्था म्हणून बघा, जीभ अडखळते.

गोटीसोडा: 'सुकडी' की 'सुखडी'? गुजरातीत गूळ-तुपाची सुखडी असते.

आजोळ_बीड: सुकडीच. सुकं पीठ, म्हणून सुकडी. तूप कुठलं आलंय दुष्काळात!

कडूकाकडी: 'सुकं'वरून कोकणात सुकट होते. ही व्युत्पत्ती नाही पटत.

आजोळ_बीड: तुम्ही खाल्लीय का कधी?