हॅमर फक्त खिळ्यांसाठी नाही

हॅमरचं खरं काम खिळे ठोकणं, बाकी सगळं नंतरचं, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, जाऊन बघा. मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीनं ठोके देण्याचं काम, चालू असताना घंगाळाच्या अंगावर हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी, ओळीत बसतो. ते ठसे नुसते शोभेचे नसतात. थंड तांबं ठोकलं की कठीण होतं, म्हणून पातळ पत्र्याचं भांडंही सहजी चेपत नाही. फार ठोकलं तर मात्र तडकतं, त्याआधीच तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. हातोडीचं तोंडही गुळगुळीत हवं, त्यावरचा ओरखडा थेट तांब्यावर उमटतो.

आणि मैदानी स्पर्धेत फेकतात तो हॅमर राहिलाच की! पुरुषांसाठी ७.२६ किलोचा, तारेला जोडलेला धातूचा गोळा. हातोडीचा आकार त्यात कुठेच नाही.