फौजेतून आल्यावर पुन्हा कॉलेज, आणि ते जुने मार्क

घाटमाथा
प्रवेश सुरू झाले की कॉलेजच्या खिडकीपाशी एखादा तरी फौजी उभा दिसतोच. पाठ ताठ, हातात फाईल, आणि बारावीची मार्कशीट सगळ्यांत खाली दडवलेली. काल पुन्हा एक दिसला, राहवेना, म्हणून धागा काढतेय. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी लिहा.

माझ्याकडून एवढंच, की टक्क्यांना घाबरू नका. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) असो की नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, बीएला बारावी पास लागते, टक्के बघत नाहीत. घोळ होतो तो नावात. दहावीला आडनाव आधी, फौजेतून सुटताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात शेवटी किंवा नाहीच, आधारवर तिसरंच काहीतरी. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडा आणि फॉर्म दहावीच्या नावाने भरा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, शेवटच्या तारखेला नोटरी शोधत फिरू नका.

बावधनकर
१५ वर्षं सेवा झाल्यावर जो ग्रॅज्युएशनचा दाखला मिळतो तो म्हणजे पदवी नव्हे!! हे कुणीतरी प्रत्येक युनिटमध्ये ओरडून सांगायला हवं. केंद्राच्या गट क च्या ज्या जागांना नुसती पदवी मागतात तिथे तो चालतो. एमए, बीएड, एलएलबीच्या प्रवेशाला नाही. लोक दोन-दोन वर्षं त्याच्या भरवशावर बसतात.

रेवती_म
आमच्या ह्यांच्यासारख्या दहावीवर भरती झालेल्यांचं काय? बारावीच नाही.

बावधनकर
@रेवती_म ताई, दोन वाटा. बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून बारावी, किंवा एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा. सतरा नंबरला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तो बहुतेकांचा हरवलेला असतो, म्हणून आधी शाळेत जाऊन दुसरी प्रत काढा. एनआयओएसला पाच विषय, त्यात किमान एक भाषा, पास ३३ टक्क्यांना. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षा देता येते, म्हणून एका दमात सगळे विषय घेऊ नका. पहिल्या खेपेला दोन-तीनच.

शब्दवेडा
वकिली करायची असेल तर थांबा आणि हे वाचा. बारावी न करता, नुसती पूर्वतयारी (बारावी नसलेल्यांसाठीचा मुक्त विद्यापीठाचा छोटा अभ्यासक्रम) करून मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे एलएलबीला प्रवेश नाही. पदवी खरी असते, तरीही नाही. शिवाय तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४० लागतात. बीएडला खुल्याला ५०. म्हणजे बारावीचे मार्क कुणी विचारत नाही, पण पदवीचे विचारतात. "काठावर पास झालो तरी पुरे" म्हणणारा तिथे अडकतो. राज्यसेवेला मात्र पदवीची टक्केवारी लागत नाही.

सुनंदाकाकू
आमच्याकडे कॅन्टीन कार्डाची मुदत संपलीय, नवं करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं की स्टेशन हेडक्वार्टरला? विषय वेगळा आहे, माफ करा.

घाटमाथा
काकू, आधी तुमच्या कॅन्टीनमध्येच विचारा, फॉर्म तिथेच मिळतो.

दुपारची_चहा
इग्नूबद्दल पटकन, कुकर लावलाय. असाइनमेंटला ३० टक्के वजन, परीक्षेला ७०. अभ्यास सुटलेल्या माणसाला हे ३० म्हणजे आधारच. हाताने लिहायच्या, जमा केल्याची पोच आणि झेरॉक्स निकाल लागेपर्यंत जपायची, कारण ग्रेड कार्डावर मार्क चढायचे राहून जातात आणि मग पोचेशिवाय कुणी ऐकत नाही.
अजून दोन चुका हमखास होतात. पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी आपोआप होत नाही, वेळेत स्वतः भरायची, मागचे पेपर राहिले असले तरी. आणि परीक्षेचा फॉर्म वेगळा, त्याची फी वेगळी. तीन वर्षांची बीए सहा वर्षांत पुरी करता येते, त्यामुळे एखादं सत्र हुकलं तर खचू नका.

रेवती_म
खूप आभार. पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळेल का त्यांना? आणि डिफेन्स कोटा?

शब्दवेडा
दोन्ही नाही. ती शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवांना, स्वतः माजी सैनिकाला नाही. सीईटीच्या प्रवेशातले डिफेन्स एक-दोन-तीन हे राखीव जागांचे प्रकारही मुलांसाठीच. या दोन्हींवर हिशेब मांडू नका.

रेवती_म
बरं झालं विचारलं. मुलांमध्ये बसायची लाज वाटते म्हणतात, ३९ वय आहे.

दुपारची_चहा
वहिनी, मुक्त विद्यापीठाच्या वर्गात नोकरी करणारे, संसार सांभाळणारेच जास्त असतात. रविवारी एकदा अभ्यासकेंद्रावर नुसतं नेऊन आणा त्यांना.

नवा_शिपाई
अग्निवीरांसाठी कुणी लिहील का? चार वर्षं पुरी होत आलीत.

बावधनकर
दहावीवर गेलेल्यांना बारावीसाठी एनआयओएसची सोय आहे, आणि इग्नूची खास पदवी आहे, त्यात निम्मे क्रेडिट (पदवीसाठी लागणारे अभ्यासाचे गुणांक) सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. उरलेल्या निम्म्याचा अभ्यास करावाच लागतो. प्रशिक्षणाचे सगळे कागद युनिट सोडायच्या आधी हातात घ्या, बाहेर आल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहारात महिने जातात.