दोनचाकी ट्रॉलीत ऊस भरल्यावर हुकावर किती भार येतो, हे कसे तपासावे?

प्रश्न
आमचा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोनचाकी ट्रॉलीने ऊस वाहतो. गेल्या आठवड्यात ओढ्यातून वर चढताना ट्रॅक्टरची पुढची चाके वीतभर उचलली. क्लच दाबताच ती खाली टेकली आणि अनर्थ टळला, पण चालक माझा धाकटा भाऊ असल्याने तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. कारखान्याच्या काट्यावर त्या खेपेचे वजन नेहमीपेक्षा जास्त भरले नाही. फरक एवढाच, की मागच्या फाळक्याची कडी तुटल्यामुळे मोळ्या पुढच्या बाजूला उंच रचल्या होत्या. कारण तेच असेल का?

पहिले उत्तर
कारण बहुधा तेच आहे. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार तिच्या चाकांवर आणि उरलेला ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. माल जितका पुढे सरकतो तितका हुक दाबला जातो, आणि हुक मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे पुढची चाके हलकी होतात. एकूण वजन तेच राहूनही हे घडते, म्हणून कारखान्याच्या पावतीवरून ते कळत नाही. वजनकाट्यावर आधी ट्रॉली सोडून, चालकासह नुसत्या ट्रॅक्टरचे वजन करावे. मग भरलेली ट्रॉली जोडून, तिची चाके काट्याबाहेर ठेवून, पुन्हा ट्रॅक्टरचेच वजन करावे. वाढलेला आकडा हा हुकावरचा भार. त्यानंतर फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत; ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के भार त्यांच्यावर राहायला हवा. चढावर तो आणखी घटतो, त्यामुळे काठावरच्या आकड्यावर समाधान मानू नये.

दुसरे उत्तर
वरील पद्धत योग्य आहे, मात्र घाबरून सगळा माल मागे ढकलू नका. भार ट्रॉलीच्या आसाच्या मागे गेला, तर दांडी हुकाला वर उचलू लागते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि उतारावर ट्रॉली मागून हेलकावे खाते. ट्रॉली ओढण्यासाठी हुकाची जागा कधीही उंच घेऊ नका. मागच्या आसाच्या वरून ओढल्यास ट्रॅक्टर उलटा मागे पडतो आणि चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीने जोडलेली असावीत, आणि उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. काल मोळ्या मुद्दाम त्या दिवशीसारख्या रचून सपाट काट्यावर वजन केले. नुसता ट्रॅक्टर २,०८० किलो, ट्रॉली जोडल्यावर ३,२६०. म्हणजे हुकावर १,१८० किलो, आणि पुढच्या चाकांवर अवघे ३५० उरले होते. फाळका दुरुस्त करून तोच ऊस सारखा पसरला, तेव्हा हुकावर ७२० आणि पुढे ५३० किलो आले. मोळ्यांची पुढची रास कुठवर न्यायची, त्याची खूण आता ट्रॉलीच्या बाजूच्या पत्र्यावर रंगाने केली असून तोडणीच्या टोळीलाही ती दाखवली आहे.