पडद्यावरचा शास्त्रज्ञ आणि आपण पाहिलेला शास्त्रज्ञ

दोनापावलाला समुद्रविज्ञान आणि वास्कोला ध्रुवीय संशोधन अशा दोन राष्ट्रीय संस्था असल्यामुळे गोव्यात शास्त्रज्ञ हा माणूस शेजारात, नात्यात किंवा बसमध्ये सहज भेटतो. चित्रपटांत आणि कथांत मात्र तो बहुधा केस पिंजारलेला, एकटा आणि विक्षिप्त असतो. ही तफावत ज्यांनी जवळून पाहिली, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा. चित्रपटांची नुसती परीक्षणे नकोत.

निवृत्त तंत्रज्ञ, दोनापावला
माझी नोकरी संशोधन-जहाजांवर गेली. पडद्यावरचा शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून डोके वर काढतो आणि शोध लागल्याचे ओरडून सांगतो. तसा क्षण मी कधी पाहिला नाही. आम्ही ज्याला स्टेशन म्हणत असू त्या ठरलेल्या जागी जहाज थांबते, नमुन्याच्या बाटल्यांचा सांगाडा पोलादी दोरावरून तीन हजार मीटर खाली सोडायचा आणि वर आणायचा म्हटले तर दोन तास सहज जातात, आणि स्टेशन रात्री तीनला आले तर काम रात्री तीनलाच होते. विंचवरचा, म्हणजे दोर सोडणाऱ्या-गुंडाळणाऱ्या यंत्रावरचा, ताण सांभाळणारा माणूस चुकला तर लाखोंची उपकरणे तळाशी जातात. त्या पाण्याच्या आकड्यांवरचा निबंध छापून येईपर्यंत एक-दोन वर्षे उलटत आणि त्यावर सात-आठ नावे असत. चित्रपटात यातले एकच नाव उरते.

शिक्षिका, डिचोली
आठवीच्या मुलांना मी शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगते. चष्मा, दाढी, पांढरा कोट, हातात फसफसणारे चंचुपात्र, आणि जवळजवळ नेहमी पुरुष. हे आपल्याकडचेच नव्हे. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांपैकी फक्त २८ जणांनी स्त्री शास्त्रज्ञ रेखाटली होती, आणि त्या २८ही मुलीच होत्या. माझ्या वर्गात एकदाच निराळे चित्र आले. चोडण बेटावर आजोळ असलेल्या एका मुलाने खारफुटीच्या चिखलात घोटाभर रुतलेली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली बाई काढली. आजोळच्या मानशीजवळ, म्हणजे खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या दाराजवळ, मोजमाप करायला येणारी ‘मॅडम’ त्याने प्रत्यक्ष पाहिली होती.

डॉक्टर, मडगाव
मला ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०) हा अपवाद वाटतो. सुभाष मुखोपाध्याय यांच्या आयुष्यावरून तो सुचला. १९७८ साली भारतातील पहिले टेस्ट-ट्यूब बाळ जन्माला आणणाऱ्या या संशोधकावर शासकीय समितीने विश्वास ठेवला नाही, त्यांची बदली नेत्रविभागात झाली आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. चित्रपटातला शोध कुष्ठरोगाच्या लशीचा आहे, पण वरिष्ठांचा मत्सर आणि शिक्षेची बदली तीच. सरकारी सेवेत ज्यांनी कारणे दाखवा नोटिसा घेतल्या आहेत, त्यांना हा खलनायक ओळखीचा वाटेल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, शिक्का पुरतो.

वाचक, पेडणे
कथांबद्दल थोडेसे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. आपल्या नावाचे वजन निकालावर पडू नये याची ही काळजी मला कुठल्याही काल्पनिक शास्त्रज्ञापेक्षा अधिक शास्त्रीय वाटते.

गृहिणी, वास्को
अंटार्क्टिकाला जाणारी भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली. माझे यजमान पुढे अशाच एका मोहिमेत हिवाळाभर राहिले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात शोधांपेक्षा जनरेटर आणि स्वयंपाकी हेच विषय जास्त असत. चित्रपटातली शास्त्रज्ञाची बायको नेहमी रुसलेली का असते, हे मला समजलेले नाही. मला रुसायला सवड नव्हती. दोन मुले आणि सासूबाई घरात होत्या.

पदव्युत्तर विद्यार्थी, ताळगाव
माझे मत वेगळे आहे. मी भौतिकशास्त्राकडे वळलो तो याच वेड्या शास्त्रज्ञांमुळे. मेरी शेली यांच्या १८१८च्या कादंबरीतला, प्रयोगाने जिवंत प्राणी घडवणारा फ्रँकेनस्टाइन डॉक्टर नव्हे, विद्यापीठातला विद्यार्थी आहे, आणि ठिणग्या उडवणारी भव्य प्रयोगशाळा १९३१च्या चित्रपटाने जोडली, हे मला पुष्कळ नंतर कळले. पण ओढ लावली ती त्या ठिणग्यांनीच. दोन तास दोर खाली जाताना दाखवला तर तिकीट कोण काढील?

निवृत्त तंत्रज्ञ, दोनापावला
दोन तास नकोत. विंचवरचा माणूस दहा सेकंद दाखवा आणि श्रेयनामावलीत त्याच्या पात्राला नाव द्या.