बंद पडलेला पॉवर्ड सबवूफर: दुरुस्त करू की नवा घेऊ?

खर्जवेडा
मंडळी, माझा दहा इंची पॉवर्ड सबवूफर (खर्जाचा स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर पेटीतच) गेल्या आठवड्यात कायमचा झोपला. घेऊन बारा वर्षं झाली. मागचा दिवा ना लाल, ना हिरवा. पॉवर कॉर्ड बदलली, दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिलं, ढिम्म. शेवटचे दोन-तीन महिने चालू व्हायला कुरकुर करत होता: दिवा लुकलुकायचा, मग कधीतरी 'टक्' करून जागा व्हायचा. मी दुर्लक्ष केलं. एका दुरुस्तीवाल्यानं फोनवरच 'बोर्ड गेला, नवा घ्या' असं सांगून टाकलं, पेटी न बघता! मल्टिमीटर वापरता येतो, सोल्डरिंग कधी केलेलं नाही. आवाजावर जीव जडलाय म्हणून विचारतोय.

तांब्याची_तार
'सबवूफर गेला' असं म्हणू नका. त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत: मागच्या पत्र्यावर बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि पुढचा स्पीकर. काय गेलंय ते कळल्याशिवाय नव्या-जुन्याचा हिशोब मांडताच येत नाही.

आधी फ्यूज. बहुतेक सबमध्ये तो कॉर्डच्या खाचेजवळ असतो, काहींत आत बोर्डवर. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत मोठा शॉर्ट आहे, नवा फ्यूजही उडेल. तार नुसती मधे तुटली असेल तर त्याच रेटिंगचा, त्याच प्रकारचा एकदाच लावून बघा. जाड तार गुंडाळण्याचा जुगाड कृपया नको.

मग स्पीकर. प्लग भिंतीतून काढा (बटण बंद करून भागत नाही), मागच्या पत्र्याचे स्क्रू सोडवा आणि स्पीकरला जाणाऱ्या दोन वायरी अ‍ॅम्पकडून सोडवा. बोर्डवर दुसरीकडे कुठेही बोट लावू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर एसएमपीएसच्या (आतल्या वीजपुरवठ्याच्या सर्किटच्या) जाड कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या डबीवर) सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. त्या दोन वायरींवर ओहम मोजा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ३.५ दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर व्हॉइस कॉइल (स्पीकरमधलं तारेचं वेटोळं) तुटली. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) हलून 'थप्' व्हायला हवं. शेवटी दोन्ही हातांची बोटं पसरून कोन हळूच, सरळ आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय.

उगाच_एक_मत
नवा घ्या. बारा वर्षांत पैसे वसूल झाले. आज कपॅसिटर, उद्या रिले, परवा आणखी काही. दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली की सोडून द्यावं, हा साधा नियम आहे.

तांब्याची_तार
नियम ठीक, पण निम्मी किंमत कशाची? आजच्या स्वस्त सबची की तुमच्याइतक्या तोडीच्या? जड पेटी आणि चांगला स्पीकर हाच सबचा महागडा भाग, आणि तो म्हातारा होत नाही. फोमची कडा असेल तर ती कुजते, पण तीही बदलून मिळते.

आता त्या लुकलुकण्याबद्दल. ही सुकलेल्या कपॅसिटरची नेहमीची खूण आहे. १०५ अंशांना २००० तास असं रेटिंग असलेला कपॅसिटर घ्या. दर १० अंश कमी तापमानाला आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं. म्हणजे ६५ अंशांना ३२,००० तास, अहोरात्र चालू ठेवला तर साडेतीन वर्षांच्या थोडं वर. ४५ अंशांना साडेचौदा वर्षं. आणि ऑटो मोडवर (सिग्नल आला की आपोआप जागा होणारा) ठेवलेला सब अहोरात्र चालूच असतो! गाणं वाजत नसलं तरी स्टँडबायचा पुरवठा बंद पेटीत उबत बसतो. तुमची बारा वर्षं या गणितात चपखल बसतात.

खर्जवेडा
उघडला. फ्यूज शाबूत. स्पीकर ३.४ ओहम, सेल लावल्यावर 'थप्', घासत नाही, कडा रबराची. बोर्डवर एका छोट्या कपॅसिटरचं डोकं किंचित फुगलंय आणि आसपास तपकिरी चिकट काहीतरी सांडल्यासारखं आहे.

तांब्याची_तार
ते बहुधा कारखान्यात लावलेला गोंद असणार. मुळात पिवळट असतो, उष्णतेनं तपकिरी होतो आणि काही प्रकार चक्क वीज वाहू लागतात. दुरुस्त करणाऱ्याला तो खरवडून काढायला सांगा, नाहीतर नवे कपॅसिटर घालूनही भूत जागेल. आणि फक्त फुगलेला नको, स्टँडबाय भागातले सगळे छोटे कपॅसिटर एकदमच बदलून घ्या. हे काम तुम्ही शिकाऊ हातानं करू नका.

पत्रा_आणि_पेटी
बोर्ड खरंच गेला तरी स्पीकर टाकू नका. तयार प्लेट अ‍ॅम्प (मागच्या पत्र्यासकट अ‍ॅम्प्लिफायर) मिळतात. पत्र्याच्या भोकाचं माप जुळलं पाहिजे, चार बाजूंनी हवा सुटता कामा नये (नाहीतर खर्जाबरोबर शिट्टी फुकट), आणि ४ ओहम चालवण्याची क्षमता हवी. तुमच्या पेटीला हवेचं भोक असेल तर आणखी एक भानगड: मूळ अ‍ॅम्पमध्ये बऱ्याचदा त्या स्पीकरपुरता फिल्टर असतो. तो नसेल तर अगदी खालच्या सुरांना कोन सैरावैरा धावतो. बाहेरचा अ‍ॅम्प जोडलात तरी हेच. आणि रिसीव्हरच्या सब आउटला थेट स्पीकर जोडू नका, तिथून फक्त सिग्नल येतो, ताकद नाही.

अवांतर: निकष एकच, स्पीकरची कॉइल जळाली असती आणि अ‍ॅम्पही गेला असता, तर मीही 'नवा घ्या' म्हटलं असतं.

खर्जवेडा
दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिला होता, काल परत आणला. पाच कपॅसिटर, एक काळवंडलेला रेझिस्टर आणि गोंदाची सफाई. नव्याच्या किमतीपुढे खर्च अगदी किरकोळ. दिवा पहिल्या झटक्यात लागतो. ऑटो मोड बंद केलाय, ऐकून झालं की भिंतीवरचं बटण.

काढलेले कपॅसिटर त्यानं पिशवीत घालून परत दिले. एकाचं डोकं फुगलेलं आहे, बाकीचे चार दिसायला अगदी नवेकोरे. त्याच्या मीटरवर त्यातले तीन मेलेले निघाले.